दम आणि दंड

गेल्या आठवड्यात अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. तिकडे रात्र, इकडे सकाळ. मी पेपर आणि चहा घेऊन बसलो होतो. भाचा तिकडेच जन्मला, तिकडचाच फुटबॉल बघत वाढला. (आपला पायाने खेळायचा नव्हे, तो चेंडू काखेत मारून एकमेकांच्या अंगावर धावून जायचा फुटबॉल.) त्याचा संघ रेडर्स. पूर्वी हे लोक ओकलंडला होते, २०२० साली लास वेगासला गेले, पण याची लहानपणची माया काही सुटलेली नाही. संघ हरला होता आणि स्वारी तक्रार सांगत होती.

"मामा, आमचे लोक अ‍ॅग्रेसिव्ह खेळतात म्हणून सारख्या पेनल्ट्या बसतात. अ‍ॅग्रेसिव्ह खेळायचंच नाही तर मग खेळायचं कशाला?"

मी म्हटलं, "अरे, तुझ्या संघाचं नावच चढाई करणारे! आमच्या गावाकडे चढाई करणाऱ्याला पहिली गोष्ट काय शिकवतात, माहीत आहे? परत यायचं."

तो हसला आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र जाईना. म्हणून हा लेख. थोडा कबड्डीचा इतिहास, थोडा तिकडच्या फुटबॉलचा, आणि शेवटी एक घरची गोष्ट. ती आमच्या नातेवाइकांना ठाऊक आहे, पण अर्धीच.

आमच्या मामाचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यातलं. चंद्रपूरचा हा पूर्वेकडचा भाग आणि वैनगंगेपलीकडचे गडचिरोलीतले आरमोरी, वडसा, या सगळ्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तोवर हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा. इथे पीक धानाचं. धान निघालं, मळणी झाली, की माणसाच्या हाताला जरा उसंत मिळते आणि मग पट, मंडई यांचे दिवस सुरू होतात. दिवसा बैलांचे पट, रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक, आणि या दोहोंच्या मधे कबड्डी. कापणी झालेल्या बांधीतली धसकटं काढायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडून चोपायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, की झालं मैदान. प्रेक्षक धुऱ्यावर नाहीतर तणसावर. मी खेळ शिकलो तो तिथे. डावा कोपरा धरायचो.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चढाई करणारा एकटा, समोर सात. तो तिकडे असेपर्यंत त्याला 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं, श्वास न तोडता. याला आपण 'दम' म्हणतो. दम तुटला की बाद. म्हणजे सात जणांवर एकट्याने चालून जाण्याइतकी आक्रमक गोष्ट करायची, आणि ती एका श्वासाच्या मापात बसवायची. किती आत जायचं हे धाडसावर ठरत नाही, परतीपुरता दम किती उरला यावर ठरतं. जगात अंगावर जायचे खेळ पुष्कळ असतील, पण आक्रमण करणाऱ्याच्या छातीतच घड्याळ बसवणारा खेळ मला तरी दुसरा माहीत नाही.

आपल्या भाषेची गंमत बघा. 'दम आहे का?' म्हणजे हिंमत आहे का, आणि 'जरा दम धर' म्हणजे थांब. दोन्हींना एकच शब्द.

आता इतिहास. हा खेळ गावोगावी फार जुना. आपल्याकडे हुतुतू, बंगालात हाडुडू, तमिळ मुलखात चेडुगुडू. जितकी गावं तितके नियम. बाद झालेल्याचं काय करायचं यावरच तीन तऱ्हा होत्या. संजीवनीत बाद झालेला गडी, आपल्या बाजूने समोरचा गडी मारला की जिवंत होऊन परत येतो. गामिनीत बाद तो बाद, सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचं. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. माणूस कसा धरायचा, कुठे धरायचा, याचंही असंच. एका गावात चालणारी पकड शेजारच्या गावात मारामारीचं कारण.

हे सगळं एका कागदावर आणायचं काम मुख्यतः मराठी माणसांनी केलं, याचा आपण जरा अभिमान बाळगायला हरकत नाही. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याच्या स्पर्धांच्या सुमारास नियम छापून आले. पुढे १९३० च्या दशकात अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते आणखी घासूनपुसून घेतले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आमच्या विदर्भातल्या, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात कबड्डीही होती. १९५० साली अखिल भारतीय महासंघ निघाला आणि १९५२ पासून राष्ट्रीय स्पर्धा. १९७२ साली आजचा हौशी कबड्डी महासंघ. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी गेली आणि भारताने सुवर्णपदक आणलं. या सगळ्या वाटचालीत शंकरराव साळवी, म्हणजे कबड्डीवाल्यांचे बुवा, यांचा वाटा इतका मोठा की त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात.

या प्रवासात तीन तऱ्हांपैकी टिकली ती संजीवनी. मला याचं नेहमी कौतुक वाटतं. संजीवनीत बाद झालेला गडी परत येतो खरा, पण स्वतःच्या पायांनी नाही. आत उरलेल्या सोबत्यांनी समोरचा गडी मारला तर येतो. म्हणजे एकाने उतावीळपणा करायचा आणि बाकीच्यांनी घाम गाळून तो फेडायचा.

आणि चुकीच्या पकडीचा दंडही मोठा हुशारीने ठरवला आहे. चढाईवाल्याला हातापायांना आणि धडाला धरायचं. केस ओढले, कपडा धरला, तोंड दाबून दम बंद पाडायचा प्रयत्न केला, पायांची कैची घातली, की चढाईवाला सुखरूप आणि धरणाराच अडचणीत. पुढे कार्डंही आली: हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यापुरता निकाल लागला.

पण नियमांनी पकड मवाळ झाली का? मुळीच नाही. आजची घोट्याची पकड बघा. कोपरारक्षक सापासारखा पडून असतो आणि पाय टेकला रे टेकला की झडप. काय धरायचं नाही हे पक्कं ठरलं, म्हणून काय धरायचं त्यात माणसं पारंगत झाली.

भाच्याच्या फुटबॉलचाही इतिहास थेट असाच निघाला, हे मला मागाहून वाचताना कळलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो खेळ तिकडच्या कॉलेजांत खेळला जाई आणि मुलं अक्षरशः मरत. १८९२ साली हार्वर्डच्या मुलांनी 'उडती पाचर' नावाचा प्रकार काढला. सगळ्यांनी पाचरीच्या आकारात एकमेकांना बिलगून धावत सुटायचं आणि समोरच्या एकाला चिरडायचं. दोन वर्षांत त्यावर बंदी आली, पण मूळ दुखणं राहिलंच. १९०५ च्या एका मोसमात अठराएक मुलं दगावल्याचं तिकडच्या वर्तमानपत्रांनी मोजलं. खेळच बंद करा अशी ओरड झाली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं आणि खेळ सुधारा म्हणून सांगितलं. १९०६ साली नवे नियम आले. चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली, दोन्ही फळ्यांच्या मधे थोडी मोकळी जागा ठेवायची असं ठरलं, आणि पाच यार्डांऐवजी दहा यार्ड पुढे सरकायची अट आली, म्हणजे नुसतं रेटून भागेना. आज आपल्याला त्या खेळात जे देखणं वाटतं, तो लांबच लांब फेकलेला चेंडू आणि त्यामागे पळणारा गडी, ते या भांडणातून निघालं.

त्यांचा दंड यार्डांत असतो. पंच पिवळा रुमाल टाकतो आणि संघाला मागे ढकलतात. वेळेआधी हललात तर पाच यार्ड, चेंडू नसलेल्या माणसाला धरून ठेवलंत तर दहा, गरज नसताना आडदांडपणा केलात तर पंधरा. (त्यांच्याकडे भलत्याला धरणं हा गुन्हा, आपल्याकडे धरणं हाच खेळ! रेषा कुठे मारायची हे प्रत्येक खेळ आपापलं ठरवतो.) भाच्याच्या रेडर्सनी २०११ च्या मोसमात १६३ दंड ओढवून घेतले, १,३५८ यार्डांचे. दोन्ही आकडे तेव्हा विक्रमी होते. मैदान शंभर यार्डांचं. म्हणजे साडेतेरा मैदानं हे लोक आपल्याच पायांनी मागे चालत गेले. सोळा सामन्यांत आठ जिंकले, आठ हरले.

इथपर्यंत लिहून मला वाटलं, जिंकलो! आता भाच्याला हा आकडा पाठवतो. पण तो गप्प बसणाऱ्यांतला नाही. त्याने उलट सिएटलचं उदाहरण दिलं. २०१३ च्या मोसमात सगळ्यांत जास्त दंड झालेला संघ सिएटलचा, आणि तोच २ फेब्रुवारी २०१४ ला डेन्व्हरला ४३-८ असं लोळवून सुपर बोल जिंकला. आता बोला!

खरं आहे. नुसते दंड मोजून काही सिद्ध होत नाही. त्याच्या या एका उदाहरणाने मला दोन दिवस विचार करायला लावला. मग मला असं वाटायला लागलं की दंड किती झाले यापेक्षा ते कधी झाले हे बघावं. खेळातली चूक तीन वेळी होऊ शकते. पहिली खेळ सुरू व्हायच्या आधी: वेळेआधी हलणं, चढाईला जायला वेळ काढणं, पंचाशी हुज्जत. दुसरी खेळ चालू असताना: झेप अर्ध्या हाताने चुकली, कंबर धरायला गेलो आणि बनियन हातात आलं. आणि तिसरी शिट्टी झाल्यानंतर.

यातली दुसरी चूक ही आक्रमक खेळाची किंमत म्हणून समजून घेता येते. जो झेप घेतच नाही त्याच्या हातात बनियन येणार नाही, हे कबूल. सिएटलसारखा संघ ती किंमत मोजूनही नफ्यात राहू शकतो. पण पहिली आणि तिसरी? त्यात आक्रमण कुठे आहे? शिट्टीनंतर समोरचा खेळत नसतो. त्याने अंग सैल सोडलेलं असतं. त्या वेळी त्याच्यावर जोर करायला धाडस लागत नाही. बहुतेक वेळा ते हरल्याच्या चिडीतून येतं. त्याला आक्रमक खेळ म्हणणं म्हणजे आपणच आपली समजूत घालणं.

नियमच धूसर असला तर काय होतं, तेही आपण अलीकडे पाहिलं. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊची आशियाई स्पर्धा, पुरुषांचा अंतिम सामना, भारत आणि इराण. २८-२८ अशी बरोबरी आणि शेवटची मिनिटं. पवन सेहरावतची निर्णायक चढाई. तो कुणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे गडीही गेले. जुन्या नियमाने मागे गेलेले गडीही बाद, नव्या नियमाने एकटा पवन बाद. कुठला नियम धरायचा यावर निकाल फिरत राहिला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, तासभर सामना थांबला. अखेर भारत ३३-२९ ने जिंकला. सुवर्णपदक आलं, आनंद झाला, पण तो तास बघवत नव्हता. चाळीस मिनिटं ज्यांनी एकमेकांना जीव तोडून धरलं आणि तरी काही बिघडलं नव्हतं, तीच माणसं एका रेषेचा अर्थ ठरेना म्हणून हमरीतुमरीवर आली.

असो. आता घरची गोष्ट.

आमच्या घरात ती 'मामाने भाच्याला बाहेर काढलं' या नावाने सांगितली जाते. लग्नकार्यात कुणीतरी काढतंच, आणि सगळे हसतात. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा वयाने कितीही लहान असो, त्याचा मान मोठा. त्यामुळे मामाने भाच्याला चारचौघांत मैदानाबाहेर काढणं ही आमच्याकडे तशी मोठीच घटना!

साल १९९३. मी एकोणीस वर्षांचा. मामाच्या गावची मंडई, अंतिम सामना, आमच्या संघात मी डाव्या कोपऱ्यात, आणि सरपंच खुद्द मामा. (कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गावच्या सरपंचाचा काही संबंध नाही.) शेवटची काही मिनिटं, आम्ही दोन गुणांनी पुढे. समोरचा एक मुलगा चढाईला आला. नदीपलीकडच्या गावचा, काटक, माझ्याच वयाचा. मी त्याचा पाय धरला, आणखी दोघे वर पडले. तो तसाच आम्हा तिघांना ओढत गेला आणि त्याची बोटं मध्यरेषेला लागली. शिट्टी झाली. आम्ही तिघेही बाद, तीन गुण त्यांना. सामना तिथेच फिरला.

घरच्या गोष्टीत इथून पुढे असं आहे की मी पाय सोडायला जरासा उशीर केला आणि मामाने, आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायला, मला बाहेर काढलं.

खरी गोष्ट अशी. मी शिट्टी ऐकली होती. स्पष्ट ऐकली होती. तिघांना एकट्याने ओढून नेलं, आणि तेही मामाच्या गावात, सगळ्या पाहुण्यांसमोर, याची मला लाज वाटली. त्याने अंग सैल सोडलं होतं. मी त्याचा पाय माझ्या दोन पायांत घेतला आणि पिळला. गुडघ्याचा आवाज आला. तो आवाज मी आणि तो, आम्ही दोघांनीच ऐकला असेल.

तेव्हा गावच्या सामन्यांत कार्डं वगैरे नव्हती. मामाने नुसतं बाहेर बोट दाखवलं. आमच्या बाजूच्या लोकांनी आरडाओरडा केला. "पोट्टा जोशात खेडून रायला, त्यात का झालं?" असं कुणीतरी म्हणालं. मामा काही बोलला नाही. रात्री नाटकाला जाताना मीच फणकाऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "शिट्टीच्या आधी तू जे केलास तो खेड होता बाबू. शिट्टीच्या नंतरचा नोहे." मी वर्षभर त्याच्याशी धड बोललो नाही. तो मात्र दिवाळीला आला आणि नेहमीसारखा माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले. राग म्हणून नव्हे, हे त्याला कळलं असेल का, माहीत नाही. पुढे विचारायचं राहिलं, आणि आता तो नाही.

तो मुलगा त्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करत होता. आमच्या भागात हे काय असतं ते बाहेरच्यांना चटकन कळणार नाही. जमीन थोडी, पाऊस म्हणेल तसं धान, कारखाने दूर. अशा घरातल्या पोराला वर्दी म्हणजे सगळं घर तरणं. कबड्डी खेळणारी निम्मी मुलं तेव्हा पहाटे सडकेवर धावायची, ती त्यासाठीच. त्याचा गुडघा पुढे बसला, पण धावण्यासारखा कधीच झाला नाही. हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही सहज, बसमध्ये.

तीन वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. तालुक्याच्या गावी त्याचं किराणा दुकान आहे. मुलगी कबड्डी खेळते, शाळेच्या संघात आहे, असं अभिमानाने सांगत होता. आम्ही शेजारी बसून जेवलो. जिना उतरताना त्याने कठड्याचा आधार घेतला, ते मी पाहिलं. मी तो विषय काढला नाही. काढायला हवा होता.

भाच्याला परवा फोन करून ही गोष्ट पूर्ण सांगितली. नेहमी उलट उत्तर देणारा मुलगा, पण गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तू त्याला सॉरी म्हणालास का?"

पुढच्या महिन्यात गावी जातो आहे. किराणा दुकान स्टँडसमोरच आहे. नातेवाइकांना विनंती, पुढच्या लग्नात ही गोष्ट सांगाल तर अशी सांगा. आणि मामाचं नाव निघालं तर म्हणा, त्या दिवशी त्या मैदानावर सगळ्यांत जास्त हिंमत त्यानेच दाखवली.